ट्युनिंग झालं, पण गाडी स्लोवर राहीना

मे महिन्यातली दुपार, नागपूरच्या व्हरायटी चौकातला लाल सिग्नल आणि आमची जुनी मारुती 800 तिसऱ्यांदा बंद. मागून हॉर्नचा मारा. सेल्फ मारला की लगेच सुरू व्हायची. पाय ॲक्सिलरेटरवर असेपर्यंत ठीक, पाय काढला की हुडहुडी भरल्यासारखी थरथरायची आणि दोन-चार सेकंदांत गप्प. चारच दिवसांपूर्वी तिचं ट्युनिंग झालं होतं. प्लग नवे, एअर फिल्टर नवा, हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर उघडून साफ केलेला, ठिणगीचं टायमिंग पाहिलेलं. त्याआधी ती ओढायला जरा मंद झाली होती, पण सिग्नलवर कधी दगा देत नव्हती.

गॅरेजमध्ये दोनदा परत नेली. दोन्ही वेळा स्क्रूड्रायव्हरने स्लो, म्हणजे पाय काढल्यावर इंजिन फिरतं तो वेग, थोडा वाढवून मिळाला आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी तोच प्रकार. शेवटी शेजारच्या काकांना हाक मारली. त्यांची सगळी हयात गाड्यांच्या बॉनेटखाली गेलेली. मी स्क्रूड्रायव्हर पुढे केला तर म्हणाले, "ठेव तो बेटा. आधी काहून बंद पडून राहिली ते तर पाहू."

त्यांनी घरातून स्टीलचा गिलास मागवला, अर्धा पाण्याने भरला आणि डॅशबोर्डवर ठेवला. गाडी सुरू केली. पाण्यावर बारीक शहारे उठत होते आणि मधूनमधून सगळं पाणी एकदम डुचमळत होतं. "मिसिंग आहे," काका म्हणाले. म्हणजे कुठल्यातरी सिलिंडरचा ठोका हुकतोय.

गिलासातल्या त्या पाण्यात बरंच विज्ञान आहे. हे इंजिन तीन सिलिंडरचं, 796 सीसीचं. पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचे, क्रँकचे, दोन फेरे झाले की तिन्ही सिलिंडर एकेकदा पेटतात. स्लोवर मिनिटाला साधारण 900 फेरे धरले तर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला साडेसात वेळा पेटतो, तिन्ही मिळून साडेबावीस वेळा. सगळे नीट पेटत असतील तर धक्के एकसारखे आणि जलद येतात. इंजिनाखालचे रबराचे माउंट ते बरेचसे पचवतात, पाण्यावर फक्त बारीक शहारा दिसतो. एखादा सिलिंडर पेटायचा राहिला की धक्क्यांच्या ओळीत खड्डा पडतो. सेकंदाला साडेसातच्या आसपासची हळू थरथर रबराला तितकी पचवता येत नाही. ती स्टिअरिंगला लागते, सीटला लागते आणि पाणी डुचमळतं. चार सिलिंडरच्या गाडीत एक गळाला तरी पाऊण ताकद उरते. इथे एक गळाला की तिसरा हिस्साच गेला.

मग हे दुखणं स्लोवरच का दिसतं? रस्त्यावर साठच्या वेगाने जाताना हीच गाडी निमूट चालत होती. माझ्या मते या साऱ्या प्रकरणाची किल्ली इथेच आहे, म्हणून थोडा हिशेब मांडतो.

पाय काढल्यावर कार्बोरेटरची झडप जवळजवळ बंद असते. पिस्टन खाली जाताना हवा ओढू पाहतात, पण वाट अरुंद, म्हणून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे कार्बोरेटरपासून सिलिंडरपर्यंतच्या नळीत, पोकळी तयार होते. तिथला दाब बाहेरच्या हवेच्या जेमतेम एक तृतीयांश उरतो. अशा स्थितीत हे छोटं इंजिन मिनिटाला ढोबळमानाने शंभर लिटर हवा घेतं. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल लागतं आणि कार्बोरेटर साधारण त्या बेताने पेट्रोल सोडतो. त्यात सिलिंडरमध्ये आधीच्या फेरीचा जळका धूरही बराच उरलेला असतो, कारण आत येणारा ताजा माल थोडा आणि संथ. म्हणजे स्लोवर इंजिन आधीच कसंबसं पेटत असतं. त्याला राखीव ताकद नसते.

आता मॅनिफोल्डला कुठेतरी दीड मिलिमीटरचं भोक आहे असं समजा. पेन्सिलीच्या शिशापेक्षा किंचित बारीक. आतला दाब बाहेरच्या निम्म्याहून कमी झाला की भोकातून हवा ध्वनीच्या वेगाने घुसते, त्याहून जास्त वेग तिथे घेता येत नाही. अशा भोकातून मिनिटाला पंधरा-सोळा लिटर हवा आत जाते. ही हवा कार्बोरेटरच्या वाटेने आलेली नसते, त्यामुळे तिच्या वाट्याचं पेट्रोल सोबत येत नाही. 14.7 चं प्रमाण एकदम 17 वर जातं. एवढं पातळ मिश्रण स्लोवर नीट पेट घेत नाही. एखादा ठोका हुकतो, फेरे कमी होतात, आणि फेरे कमी झाले की पुढचा ठोका आणखी अवघड होतो.

रस्त्यावर तेच इंजिन मिनिटाला पाचशे-सहाशे लिटर हवा घेतं. झडप उघडल्यामुळे पोकळीही कमी, म्हणजे भोकातून येणारी हवा फार तर तितकीच. शंभरात सोळा म्हणजे घात, सहाशेत सोळा म्हणजे किरकोळ. म्हणूनच हायवेवर शहाणी आणि सिग्नलवर आजारी अशी गाडी दिसली की आधी बाहेरून शिरणाऱ्या हवेचा संशय घ्यावा.

काकांनी तेच केलं. गाडी स्लोवर ठेवून चोक हळूच थोडा ओढायला सांगितला. चोक हवेची वाट अडवतो, म्हणजे मिश्रण घट्ट होतं. चांगल्या जुळलेल्या गरम इंजिनात चोक ओढला तर ते गुदमरायला हवं. आमचं इंजिन उलट सावरलं, थरथर निम्मी झाली. मिश्रण पातळ पडत होतं हे एवढ्यात सिद्ध झालं. या परीक्षेला ना मशीन लागतं ना पैसा, आणि तरी गॅरेजमध्ये ती क्वचितच करतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग त्यांनी हातभर रबरी पाइपचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं इंजिनभोवती फिरवायला सुरुवात केली. डॉक्टर छाती तपासतात तसं. कार्बोरेटरच्या बुडाशी, मॅनिफोल्डच्या जोडावर, ब्रेकच्या बूस्टरकडे जाणाऱ्या जाड पाइपवर. एअर क्लीनरच्या डब्याखाली ते थांबले. "ऐक." मी कान लावला. सूं असा बारीक, अखंड आवाज. त्यांनी पकडीने तिथला मॅनिफोल्डला जोडलेला बारीक व्हॅक्यूम पाइप हलकेच चिमटला आणि इंजिनाचा सूर तात्काळ बदलला.

पाइप काढून पाहिला. टोकाशी नखभर उभी चीर. वर्षानुवर्षं इंजिनाच्या उष्णतेत राहून रबर लाकडासारखं कडक झालेलं. फिल्टर बदलायला डबा काढताना कोणीतरी पाइप ओढला, तो टोकाला फाटला, आणि तसाच परत खोचला गेला. वरून पाहणाऱ्याला पाइप जागेवर दिसत होता.

ट्युनिंगनंतर जन्मलेला दोष बहुतेक वेळा ट्युनिंगमध्ये हात लागलेल्या जागीच असतो. गाडीने काल काही खाल्लेलं नसतं, काल तिचं काही उघडलेलं असतं. म्हणून बिलावर काय-काय लिहिलंय ते वाचावं आणि त्या प्रत्येक जागी जाऊन पाहावं. प्लगच्या केबलींची अदलाबदल झाली तर चार सिलिंडरची गाडी दोनवर चालते आणि कार्बोरेटरमधून फटाके ऐकू येतात. या तीन सिलिंडरचा पेटण्याचा क्रम 1-3-2, जुन्या प्रीमियर पद्मिनीसारख्या चार सिलिंडरच्या गाडीचा 1-3-4-2. नवा प्लग पाना तिरका लागून चिनी मातीत तडकला असेल तर रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून पाहा, निळी ठिणगी बाहेरच उडताना दिसते. त्या तारांत वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो, तेव्हा हात लांब. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारे भाग, जास्त कसले गेले तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि गरम झाल्यावर त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन निसटतं. वाजणारा टॅपेट कानाला खटकतो, पण अति कसलेला टॅपेट मुकाट्याने व्हॉल्व्ह जाळतो.

पॉइंटवाल्या, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे धातूचे संपर्क असलेल्या, जुन्या गाड्यांचं मात्र वेगळं सांगायला हवं, कारण तिथे दोष आठवड्याने उगवतो. प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधल्या शाफ्टचा कोनेदार कॅम पॉइंटच्या पट्टीवरच्या एका छोट्या ठोकळ्याला ढकलतो आणि पॉइंट उघडतात. त्याच क्षणी कॉइलमधून ठिणगी निघते. पॉइंटची फट वाढली की ते लवकर उघडतात, टायमिंग पुढे सरकतं. फट कमी झाली की टायमिंग मागे पडतं. म्हणजे आधी टायमिंग जुळवून मग पॉइंटला हात लावला तर पहिली मेहनत वाया. आणि नवे पॉइंट बसवताना कॅमवर चिमूटभर ग्रीस लावायचं राहिलं तर तो ठोकळा भराभर झिजतो, फट मिटत जाते, टायमिंग रोज थोडं मागे जातं. गॅरेजमधून निघताना गाडी उत्तम असते आणि पुढच्या सोमवारी स्लोवर राहत नाही. मालकाला वाटतं पेट्रोल खराब आलं.

पेट्रोलचीही एक बाजू आहे. आता पंपावर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीपासून असतो, म्हणून ते जळायला वजनाने सुमारे 9 भाग हवा पुरते. मिश्रणाचा हिशेब मग 14.7 वरून 13.5 च्या आसपास येतो. इंजेक्शनच्या गाडीतला सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरला जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी भोकं, ठरलेले, त्याला हे कळत नाही. जुन्या बेताने जुळवलेली गाडी या पेट्रोलवर थोडी पातळच चालते, आणि जुन्या रबरालाही इथेनॉल मानवत नाही. त्यात एखादी चीर असली की तोल जायला वेळ लागत नाही.

नागपूरच्या उन्हाचाही दोष असतो, पण तो निराळा ओळखू येतो. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा पंचेचाळीसच्या वर असताना गाडी सीताबर्डीत दहा मिनिटं बंद ठेवली की बॉनेटखालची उष्णता वाढते, कारण पंखा आणि पाणी फिरणं दोन्ही थांबलेलं असतं. पेट्रोलचे हलके घटक चाळीस अंशांच्या आतबाहेर उकळू लागतात. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उतू जाऊन मॅनिफोल्डमध्ये ठिबकतं आणि इंजिन ओव्हर होतं, म्हणजे पेट्रोल जास्त होऊन पेटत नाही. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारला, पंप न करता, तर सुरू होतं आणि अर्ध्या मिनिटात सावरतं. सकाळी आठला थंड हवेतही जी गाडी स्लोवर थरथरते, तिचा दोष उन्हावर ढकलू नये.

2000 च्या सुमारास आलेल्या एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल सोडणाऱ्या, गाड्यांत स्लोचा स्क्रू जवळपास नसतोच, स्लो संगणक सांभाळतो. तिथे थ्रॉटल बॉडी, म्हणजे हवेच्या झडपेचा भाग, साफ केल्यावर गाडी बंद पडू लागली तर घाबरू नये. साचलेल्या काजळीच्या हिशेबाने संगणकाने झडपेची जागा शिकून ठेवलेली असते. काजळी गेली, तर ते शिकणं पुन्हा करावं लागतं, आणि त्याची प्रत्येक गाडीची पद्धत ठरलेली असते.

आमच्या गाडीकडे येतो. काकांनी नवा पाइप बसवला, दोन्ही टोकांना क्लिप लावल्या. मला वाटलं संपलं. गाडी सुरू केली तर थरथर वेगळी, जड. सायलेन्सरमधून काळपट धूर, पेट्रोलचा वास, आणि मिनिटभरात बंद. मी हादरलोच. काका मात्र याचीच वाट पाहत होते.

चीर होती तेव्हा गॅरेजमध्ये काय केलं गेलं? गाडी थांबते म्हणून स्लोचा स्क्रू कसला, म्हणजे झडप थोडी उघडी राहिली. तरी मिसिंग जाईना म्हणून मिक्श्चरचा स्क्रू सोडून पेट्रोल वाढवलं. फुकटच्या हवेला पुरेल इतकं पेट्रोल असं जबरदस्तीने आणलं. आता चीर बुजली, ती हवा गेली, पण वाढवलेलं पेट्रोल तिथेच होतं. पातळ मिश्रणाची गाडी एका क्षणात घट्ट मिश्रणाची झाली. आधी ती उपासमारीने थांबत होती, आता अजीर्णाने. एका दोषाला दुसऱ्या दोषाने टेकू दिला होता, आणि एक काढला की दुसरा अंगावर आला. इथे घाबरून पुष्कळ लोक जुना पाइपच परत बसवतात.

काकांनी इंजिन चांगलं गरम होऊ दिलं. गाडी मोकळ्या अंगणातच ठेवली, कारण घट्ट मिश्रणाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो आणि बंद जागेत तो जीव घेऊ शकतो. आधी स्लो खाली आणला. मग मिक्श्चरचा स्क्रू पाव-पाव आटा आत घेत गेले आणि प्रत्येक वेळी थांबून ऐकत राहिले. आवाज मोकळा होत गेला, फेरे वाढले, त्यांनी स्लो पुन्हा उतरवला. एका जागी पाव आटा आत घेताच इंजिन अडखळलं. तेवढंच परत बाहेर घेऊन त्यांनी हात काढला. सगळं मिळून वीस मिनिटं.

"आता पाहाय पाणी," ते म्हणाले. डॅशबोर्डवरच्या गिलासात काठापासून मध्यापर्यंत बारीक, एकसारखी वलयं उभी होती आणि त्यात कुठेच खंड पडत नव्हता. एसी लावला तेव्हा ती क्षणभर मोडली, पुन्हा जुळली.