लोपास्न्याचं पोस्ट ऑफिस आणि चेखवची पत्रं

पोळा आटोपला आणि डवरणी-निंदणाची घाई ओसरली, की आमच्या घाटंजी तालुक्यातल्या छोट्या वाचनालयात रविवारी संध्याकाळी मोठ्यानं वाचन सुरू होतं. यंदा आंतोन चेखवची पत्रं वाचायची ठरली. हे कानावर गेलं तसं गावातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी मला रस्त्यात थांबवून विचारलं, "गुर्जी, दुसऱ्याच्या घरची चिठ्ठी आपुन कायले वाचाची?" बाबांना रस्त्यात उभ्या उभ्या उत्तर देणं मला जमलं नाही. हे टिपण मी त्यांच्यासाठीच लिहितो आहे.

नाटककार म्हणून चेखव जगाला ठाऊक आहे. 'सीगल', 'अंकल वान्या', 'थ्री सिस्टर्स', 'चेरी ऑर्चर्ड' ही त्याची नाटकं सव्वाशे वर्षांच्या आसपास झाली तरी रंगमंचावर आहेत. याच यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्यात जन्मलेल्या महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'बद्दल बोलताना आजही कुणी ना कुणी 'चेरी ऑर्चर्ड'ची आठवण काढतो. मोडकळीला आलेलं घराणं, विकायला निघालेली मालमत्ता आणि ते उघड बोलू न शकणारी माणसं आपल्याकडे परकी वाटत नाहीत. पण हा माणूस पेशानं डॉक्टर होता, सात वर्षं खेड्यात राहिला होता आणि आयुष्यभरात हजारो पत्रं लिहून गेला, हे आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. त्याची 4400 च्या आसपास पत्रं आज उपलब्ध आहेत. आयुष्य मिळालं अवघं 44 वर्षांचं.

त्याचा जन्म 1860 चा, दक्षिण रशियातल्या तागानरोग या बंदराच्या गावी. आजोबा भूदास होते. भूदास म्हणजे आपला सालदार नव्हे. सालदाराचं साल संपलं की तो दुसऱ्या वाड्यावर जाऊ शकतो, भूदास जमिनीबरोबरच धन्याचा असे. आजोबांनी पैसा पैसा साठवून स्वतःची आणि कुटुंबाची सुटका विकत घेतली. म्हणूनच 1889 च्या जानेवारीत आपला प्रकाशक अलेक्सेय सुवोरिन याला चेखवनं लिहिलेलं पत्र मला फार मोलाचं वाटतं. भूदासाच्या पोटी जन्मलेला, मार खाल्लेला, वरच्यांपुढे वाकायला शिकवलेला एक पोरगा आपल्या अंगातलं गुलामाचं रक्त थेंब थेंब पिळून काढतो आणि एका सकाळी खऱ्या माणसाचं रक्त घेऊन जागा होतो, अशी गोष्ट लिहा, असं तो सुवोरिनला सुचवतो. स्वतःचं नाव तो कुठेही घेत नाही, पण तो पोरगा कोण हे वाचणाऱ्याला कळतं.

1892 मध्ये त्यानं मॉस्कोच्या दक्षिणेला मेलिखोवो नावाच्या खेड्यात जुनं घर आणि पावणेसहाशे एकरांच्या आसपास जमीन घेतली. आईवडील आणि बहीण माशा यांना घेऊन तो तिथं राहायला गेला. आदल्याच वर्षी रशियात मोठा दुष्काळ पडला होता आणि त्याच्या पाठोपाठ पटकी म्हणजे कॉलरा आला. पटकीची भीती आपल्या भागाला समजावून सांगायला नको. गावाच्या वेशीवरचं मरीमायचं ठाणं त्या भीतीतूनच उभं राहिलेलं आहे. स्थानिक जिल्हा मंडळानं चेखवला डॉक्टर म्हणून नेमलं आणि त्यानं पगार न घेता काम पत्करलं. 25 गावं, 4 कारखाने आणि एक मठ त्याच्या वाट्याला आले. मदतीला माणूस नाही, घोडी थकलेली, रस्ते खराब, मंडळाकडे पैसा नाही. रोग्यांना वेगळं ठेवायला झोपड्या हव्यात, म्हणून तो आजूबाजूच्या धनिकांच्या दारी जाऊन मागत होता. त्या उन्हाळ्यातल्या पत्रांत हे सगळं आहे, चिडचिड आणि एकटेपणासकट. साहित्याचा विचार करायला फुरसत नाही, असं तो लिहितो. त्याच पत्रांत बाग, डुकरं, शेतीतला तोटा आणि पाहुण्यांचा त्रासही येतो. पटकीचा जोर त्याच्या हद्दीत फारसा पोचला नाही, पण तयारीत त्यानं कसूर ठेवली नाही.

आम्ही वाचायला घेतलेला पहिला गठ्ठा याच पत्रांचा आहे. 'सीगल' इथल्याच घराच्या आवारात 1895 मध्ये लिहिलं गेलं, आणि पुढच्या वर्षी पीटर्सबर्गला पहिल्या प्रयोगात ते सपशेल पडलं. पुन्हा नाटक लिहिणार नाही, असं चेखवनं पत्रातून सांगून टाकलं. दोन वर्षांनी मॉस्को आर्ट थिएटरनं तेच नाटक उचललं आणि ते तुफान गाजलं.

पोस्टाची गोष्ट मला जरा सविस्तर सांगायची आहे. मेलिखोवोला जवळचं रेल्वे स्टेशन लोपास्न्याचं, पण तिथं धड पोस्ट ऑफिस नव्हतं. चेखवनं अर्ज-विनंत्या केल्या, ओळखी वापरल्या, पाठपुरावा सोडला नाही. 1896 मध्ये लोपास्न्याला पोस्ट आणि तार ऑफिस उघडलं. आसपास त्यानं तीन शाळाही बांधून घेतल्या. पुढे 1954 मध्ये लोपास्न्याचं नाव बदलून 'चेखव' झालं, आणि त्या पोस्टाच्या इमारतीत आज त्याच्या पत्रांचंच संग्रहालय आहे. ज्या गावात पोस्टमन आठवड्यातून दोनदा सायकलवर यायचा आणि मनीऑर्डरीसाठी बायका ओसरीत वाट बघत बसायच्या, अशा गावात मी वाढलो. खेड्यात पोस्ट आणण्यासाठी एक लेखक झटतो, हे मला त्याच्या कुठल्याही नाटकाइतकंच मोठं वाटतं.

आता बाबांचा प्रश्न. ही चिठ्ठी आपल्यापर्यंत आली कशी?

आमच्याकडे वाड्यात आलेली पत्रं तारेच्या आकड्यात ओवून ठेवायची रीत होती. जुनं पत्र खाली, नवं वर. मरणाची खबर देणारं, कोपरा फाडलेलं कार्ड आलं की ते वाचून बाहेरच्या बाहेर फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. आमच्या आबाजींची अशी तार मी लहानपणी पाहिली आहे. वाटण्या झाल्या तेव्हा ती कुणाच्याच वाट्याला आली नाही आणि रद्दीत गेली. चेखवच्या घरी तार नव्हती, पण शिस्त होती. त्याला आलेली पत्रं तो आणि माशा दरवर्षी लावून, गठ्ठे बांधून ठेवत. त्यामुळे त्याला कोण काय लिहीत होतं, हेही पुष्कळसं शिल्लक आहे.

सुवोरिनकडून आलेल्या पत्रांचा गठ्ठा मात्र गेला, आणि तोच सर्वात महत्त्वाचा होता. सुवोरिनला चेखवनं तीनशेहून जास्त पत्रं लिहिली. लेखन, वैद्यकी, पैसा, बायका, देव, सरकार यांतला एकही विषय त्यानं सोडला नाही. वैद्यकी ही आपली लग्नाची बायको आणि साहित्य ही प्रेयसी, हे त्याचं सर्वांच्या तोंडी असलेलं वाक्यही 1888 च्या अशाच एका पत्रातलं. मग 1898 मध्ये फ्रान्समध्ये ड्रायफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावरच्या हेरगिरीच्या खोट्या खटल्यावरून वादळ उठलं. सुवोरिनच्या वर्तमानपत्रानं ज्यूद्वेषी बाजू घेतली. चेखव तेव्हा नीसमध्ये होता. ड्रायफससाठी लढणारा फ्रेंच लेखक झोला याच्या बाजूनं तो उभा राहिला आणि त्यानं सुवोरिनला तसं स्पष्ट लिहिलं. मैत्री तुटली नाही, पण पूर्वीसारखी राहिलीही नाही. चेखव गेल्यावर सुवोरिननं स्वतःची पत्रं परत मागून घेतली. ती पुढे कुणाच्या हाती लागली नाहीत. आज त्या संवादाची एकच बाजू आपल्याला ऐकू येते.

बाकीचं माशानं राखलं. 1912 ते 1916 या काळात तिनं भावाच्या पत्रांचे सहा खंड काढले. छापताना पुष्कळ मजकूर गाळला. जिवंत माणसांची नावं, घरातली भांडणं आणि भावाची शिवराळ थट्टा तिनं बाहेर येऊ दिली नाही. मी तिला दोष देत नाही. भाऊ गेल्यावर ती पन्नासहून जास्त वर्षं जगली, चेखव शेवटी राहत होता ते याल्टाचं घर तिनं राखलं, महायुद्धात जर्मन सैन्य तिथं होतं तेव्हाही ती घर सोडून गेली नाही. बहिणीनं गाळलं ते मायेपोटी. मात्र सोव्हिएत काळात सरकारी आवृत्त्यांनी गाळलं, त्याचा मला राग येतो. 1974 ते 1983 या काळात निघालेल्या त्याच्या समग्र साहित्याच्या 30 खंडांपैकी 12 खंड पत्रांचे आहेत. मेहनत अफाट आहे, टिपा अप्रतिम आहेत, आणि तरीही त्यांत कात्री चाललेली आहे. राष्ट्राचा मोठा लेखक बायकांविषयी, शरीराविषयी असं बोलतो हे त्यांना चालत नव्हतं. गाळलेले तुकडे सोव्हिएत संघ मोडत असताना, 1991 च्या सुमारास अभ्यासकांनी बाहेर आणायला सुरुवात केली.

पत्नी ओल्गा क्निपर हिची तऱ्हा वेगळी. ती मॉस्कोची नटी, आणि चेखव क्षयामुळे समुद्रकाठच्या याल्टाला. 1901 मध्ये लग्न झालं, पण संसार बराचसा टपालातच झाला. त्यानं तिला चारशेहून अधिक पत्रं लिहिली आणि 1924 मध्ये तिनं ती स्वतः छापून दिली. जीवन म्हणजे काय, असं ती एकदा विचारते. गाजर म्हणजे काय असं विचारण्यासारखंच हे आहे, गाजर म्हणजे गाजर, त्यापुढे काही माहीत नाही, असं तो उत्तर देतो. हे 1904 च्या एप्रिलमधलं पत्र आहे. जुलैत तो गेला.

क्षयाचा उल्लेख आला की आपल्याकडच्या माणसाला सावनेर आठवल्याशिवाय राहत नाही. राम गणेश गडकरी क्षयानं खंगून भावाकडे सावनेरला आले, 'भावबंधन' तिथंच पुरं केलं आणि 23 जानेवारी 1919 ला तिथंच गेले, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. त्यांचे गुरू श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे नागपूरचे, आणि वकिलीसाठी राहिले वऱ्हाडात, जळगाव जामोदला. मराठी रंगभूमीचे दोन मोठे नाटककार विदर्भातल्या तालुक्याच्या गावांतून टपाल पाठवत होते. अशी किती पत्रं किती वाड्यांच्या माडीवर वाळवीनं खाल्ली असतील, हा विचार मला झोपू देत नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरी जुन्या तारेत ओवलेली कार्डं असतील तर ती आणा. वाचायचं की नाही ते घरच्यांनी ठरवावं. गाळायचं असेल तर माशासारखं गाळा, पण मूळ कागद फेकू नका.

बाबांना मी एवढंच सांगेन, की यातली पुष्कळशी पत्रं ज्यांच्या घरची होती त्यांनीच ती आपल्या हाती दिली आहेत. माशासाठी चेखवनं एक पत्र लिहून ओल्गाजवळ ठेवलं होतं, मृत्यूनंतर द्यायचं म्हणून. त्यात घराची आणि पैशांची वाटणी आहे, आणि शेवटी गरिबांना मदत कर, आईला सांभाळ, सगळे गुण्यागोविंदानं राहा, असं लिहिलं आहे. सहाव्या रविवारी आधी ते पत्र वाचू. मग जर्मनीतल्या बाडेनवायलरहून माशाला आलेलं शेवटचं, मृत्यूच्या चार दिवस आधीचं. त्यात तो उकाड्यानं हैराण आहे, कारण सोबत सगळे हिवाळ्याचेच कपडे आहेत. तिथल्या बायकांना नीट कपडे करता येत नाहीत अशी त्याची तक्रार आहे, आणि त्रिएस्तेहून ओडेसाला बोटीनं घरी कसं परतता येईल, याची चौकशी आहे.