महाविद्यालय बदलणाऱ्या खेळाडूंची पात्रता (अमेरिका)

अमेरिकेत एका महाविद्यालयाच्या संघातून खेळणारा विद्यार्थी दुसरीकडे दाखल झाला, तर नव्या संघातून त्याला केव्हापासून, किती हंगाम आणि कोणत्या अटींवर खेळता येईल हे ठरवणारे नियम. हे नियम प्रामुख्याने राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना, म्हणजे एनसीएए, करते. या संघटनेची स्थापना १९०६ मध्ये वेगळ्या नावाने झाली, सध्याचे नाव तिला १९१० मध्ये मिळाले. तिचे मुख्यालय इंडियानापोलिस येथे आहे. १९७३ पासून सभासद संस्थांचे तीन विभाग असून पुढील विवेचन मुख्यतः पहिल्या विभागाचे, २०२५ अखेरच्या स्थितीला धरून आहे. मोठ्या शिष्यवृत्त्या, दूरचित्रवाणीचे करार आणि त्यामुळे सगळे तंटे याच विभागात आहेत. तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती दिलीच जात नाही.

आपल्याकडे विद्यापीठ बदलणाऱ्याला मायग्रेशन सर्टिफिकेट लागते, पण त्याची क्वचितच बातमी होते. अमेरिकेत मात्र एखाद्या क्वार्टरबॅकने, म्हणजे अमेरिकन फुटबॉल संघाच्या चाली चालवणाऱ्या मुख्य खेळाडूने, विद्यापीठ बदलले की गावोगावी चर्चा होते. याचे कारण तिथल्या खेळाच्या रचनेत आहे. अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉल यांच्या व्यावसायिक संघांना खेळाडू पुरवणारी मुख्य शाळा म्हणजे महाविद्यालयेच. त्यामुळे खेळाडूचा एक हंगाम बुडणे म्हणजे त्याच्या उमेदीच्या चार वर्षांतले एक वर्ष जाणे.

नियमांची गरज खरीच होती. १८९६ च्या ऑक्टोबरमध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात कायदा शिकणारा फील्डिंग योस्ट हा अमेरिकन फुटबॉलचा दणकट खेळाडू एकाएकी लाफायेत महाविद्यालयाचा विद्यार्थी झाला. लाफायेतने त्या बळावर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला हरवले आणि त्याची सलग ३६ विजयांची मालिका मोडली. सामना आटोपला आणि थोड्याच दिवसांत योस्ट वेस्ट व्हर्जिनियाला परतला. पुढे मिशिगन विद्यापीठाचा प्रशिक्षक म्हणून त्याने मोठे नाव कमावले. अशा फिरत्या खेळाडूंचा त्या काळी सुळसुळाट होता. खेळणारा खरोखर त्या महाविद्यालयात शिकतो का, हा प्रश्न १८९५ मध्ये शिकागोला जमलेल्या विद्यापीठप्रमुखांनी ऐरणीवर आणला आणि त्यातूनच पुढे बिग टेन हा विद्यापीठगट, म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा संघ, उभा राहिला.

त्यावर निघालेला तोडगा म्हणजे ‘निवासवर्ष’. नव्या विद्यापीठात दाखल झाल्यावर एक पूर्ण शैक्षणिक वर्ष सामने खेळायचे नाहीत. सराव करता येई, शिष्यवृत्तीही मिळू शके, पण सामन्याच्या दिवशी बाहेर बसायचे. नव्या जागी अभ्यासाची घडी बसावी, हा त्यामागचा सांगितलेला हेतू. तो हेतू खोटा होता असे नाही. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस ही सक्ती अमेरिकन फुटबॉल (पुढे नुसते फुटबॉल), बास्केटबॉल आणि पुरुषांची आइस हॉकी या मोजक्या खेळांपुरती होती, पुढे तीत बेसबॉलची भर पडली. पोहणारी किंवा टेनिस खेळणारी विद्यार्थिनी एकदा विद्यापीठ बदलून लगेच खेळू शके. अभ्यासाची घडी फक्त गर्दी खेचणाऱ्या खेळांतल्या मुलांचीच विस्कटते काय, याचे समाधानकारक उत्तर संघटनेला कधीच देता आले नाही. शिवाय ज्याच्या भरवशावर मुलगा आला तो प्रशिक्षक करार मोडून दुसरीकडे गेला, तर पुढच्याच हंगामात तो तिथे मैदानाकाठी उभा असे. मागे राहिलेल्या मुलाने मात्र जायचे ठरवले तर त्याने वर्षभर बसायचे. हा अन्याय उघड होता.

एनसीएएच्या नियमांवर विद्यापीठगटांची स्वतःची बंधनेही असत. बेकर मेफील्ड हा क्वार्टरबॅक टेक्सास टेक विद्यापीठात शिष्यवृत्तीशिवाय खेळत होता. २०१४ मध्ये तो त्याच गटातल्या ओक्लाहोमा विद्यापीठात गेला. त्याला एक वर्ष बाहेर बसावे लागलेच, वर गटांतर्गत बदलाबद्दल एक हंगामही कापला गेला. बिग ट्वेल्व्ह गटाने जून २०१६ मध्ये शिष्यवृत्ती नसलेल्यांसाठी हा नियम सैल केला तेव्हा कुठे त्याला तो हंगाम परत मिळाला.

निवासवर्षातून सूट मागण्याची सोय होती, पण निकाल सारखे लागत नसत. जॉर्जियाहून ओहायो स्टेटला गेलेल्या जस्टिन फील्ड्सला २०१९ मध्ये ताबडतोब खेळण्याची मुभा मिळाली, तर तसाच अर्ज करणारे इतर कित्येक बाहेर बसले. पदवीधरांची वाट मात्र मोकळी होत गेली. पदवी मिळाली आहे आणि हंगाम शिल्लक आहे, अशा खेळाडूला पदव्युत्तर अभ्यासासाठी दुसरीकडे जाऊन लगेच खेळता येऊ लागले. २०११ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेटहून विस्कॉन्सिनला गेलेला रसेल विल्सन आणि २०१८ मध्ये ओहायो स्टेटहून लुइझियाना स्टेटला जाऊन पुढच्या वर्षी सर्वोत्तम महाविद्यालयीन फुटबॉलपटूचा हाइझमन चषक पटकावणारा जो बरो ही त्याची ठळक उदाहरणे.

१५ ऑक्टोबर २०१८ रोजी ‘ट्रान्सफर पोर्टल’ सुरू झाले. ही केवळ एक माहितीसूची आहे. त्यापूर्वी दुसऱ्या विद्यापीठाशी बोलण्यासाठी खेळाडूला आपल्याच संस्थेची परवानगी लागे आणि चिडलेला प्रशिक्षक ती अडवून धरू शके. आता खेळाडूने लेखी कळवले की संस्थेने कामकाजाच्या दोन दिवसांत त्याचे नाव सूचीत घालायचे, त्यानंतर कोणीही त्याच्याशी संपर्क साधू शकतो. नाव येण्याआधी गळ टाकणे निषिद्ध आहे. नाव घातल्यावर जुनी संस्था सत्राअखेर शिष्यवृत्ती थांबवू शकते आणि नवी जागा मिळेलच याची हमी कोणी देत नाही. गाजलेल्या नावांच्या गोंगाटात, सूचीत नाव घालून कुठेच ठिकाण न मिळालेल्या मुलांकडे फारसे कोणी पाहत नाही.

एप्रिल २०२१ मध्ये सर्व खेळांतील खेळाडूंना एकदा विद्यापीठ बदलून ताबडतोब खेळण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर जाहिरातींतून पैसे मिळवता येऊ लागले. हे दोन बदल एकत्र आल्याने पोर्टलचा बाजार झाला. दुसऱ्यांदा बदल करणाऱ्यांना अजूनही वर्षभर बसणे भाग होते आणि २०२३ च्या आरंभी त्यांच्या सवलतीचे निकष आणखी कडक झाले. त्याचा फटका बसलेला टेझ वॉकर हा नॉर्थ कॅरोलायनाचा खेळाडू. त्याच्या पहिल्या विद्यापीठाने कोविडमुळे हंगामच रद्द केला होता, म्हणजे तिथे तो एकही सामना खेळला नव्हता. तरीही त्याचा बदल दुसरा ठरला आणि अर्ज फेटाळला गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये संघटनेने निर्णय फिरवला, तोवर हंगामाचे पहिले सामने होऊन गेले होते.

शेवटचा घाव न्यायालयाने घातला. ओहायो, वेस्ट व्हर्जिनिया यांसह सात राज्यांनी मक्तेदारीविरोधी शेर्मन कायद्याखाली दावा लावला. त्यात वॉशिंग्टन आणि मोंटाना स्टेटनंतर वेस्ट व्हर्जिनियाला आलेल्या रेक्वान बॅटल या बास्केटबॉलपटूचे प्रकरण पुढे होते. १३ डिसेंबर २०२३ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील संघीय न्यायाधीश जॉन प्रेस्टन बेली यांनी निवासवर्षाच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. ज्या विद्यापीठातून योस्ट आठवडाभरासाठी निघून गेला होता, त्याच राज्यात १२७ वर्षांनी हा नियम थांबला. एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएने स्वतःच नियम बदलून, अभ्यासाच्या अटी पूर्ण करणाऱ्याला कितीही वेळा बदल करून लगेच खेळण्याची मुभा दिली.

अभ्यासाच्या अटी, हे शब्द बातम्यांत शेवटच्या ओळीत येतात. खरे तर आता सारी पात्रता त्यांच्यावरच उभी आहे. तिसऱ्या वर्षाच्या आरंभी पदवीच्या ४० टक्के, चौथ्या वर्षी ६० टक्के आणि पाचव्या वर्षी ८० टक्के क्रेडिट (उत्तीर्ण झालेल्या अभ्यासक्रमांचे श्रेयांक) पूर्ण असावी लागतात, शिवाय ठरावीक सरासरी गुणही. अडचण अशी की हे टक्के नव्या विद्यापीठाच्या पदवीतले मोजले जातात. समजा, पदवी १२० क्रेडिटांची आहे. तिसऱ्या वर्षाला ४८ हवीत. विद्यार्थ्याने ६० मिळवलेली आहेत, पण नव्या ठिकाणी त्यांतली ४२ च त्याच्या विषयाला लागू धरली, तर तो अपात्र. मग इंजिनिअरिंग सोडून ज्या विषयात जुनी क्रेडिट सामावतील तो विषय घेतला जातो. तीन-तीन विद्यापीठे फिरलेल्या मुलाच्या हाती शेवटी कोणती पदवी येते, किंवा येते की नाही, याची काळजी वाहणारा पोर्टलच्या धामधुमीत कोणी नसतो. निवासवर्षाचा जाच गेला हे योग्यच झाले, पण त्या वर्षात क्रेडिट भरून काढायची जी सवड मिळे तीही गेली.

दोन वर्षांच्या महाविद्यालयातून येणाऱ्यांचे नियम वेगळे आहेत. अमेरिकेत यालाच ज्युनिअर कॉलेज म्हणतात, आपल्या अकरावी-बारावीशी त्याचा संबंध नाही. तिथे खेळलेले हंगाम खेळाडूला मिळणाऱ्या एकूण चार हंगामांत धरायचे की नाही, यावर व्हँडरबिल्टचा क्वार्टरबॅक दिएगो पाविया न्यायालयात गेला. डिसेंबर २०२४ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला आणि एनसीएएने त्याच्यासारख्या इतरांनाही २०२५-२६ साठी आणखी एक हंगाम दिला.

बदल केव्हा करायचा यालाही मुदत आहे. २०२२ पासून पोर्टलच्या ‘खिडक्या’ ठरल्या. फुटबॉलसाठी त्या आधी दोन होत्या, नंतर २ ते १६ जानेवारी २०२६ अशी एकच ठेवण्यात आली. एकाच हंगामात दोन विद्यापीठांकडून खेळता येत नाही.

बदलाने जी गोष्ट थांबत नाही ती म्हणजे पाच वर्षांची मुदत. खेळायला चार हंगाम आणि ते संपवायला पाच वर्षे. ही वर्षे पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून कोणत्याही महाविद्यालयात पहिली नोंदणी झाली तिथून मोजली जातात, मग ते महाविद्यालय अमेरिकेबाहेरचे का असेना. टेनिस किंवा नेमबाजीच्या शिष्यवृत्तीवर तिकडे जाऊ पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींना ही बाब बहुधा उशिरा कळते. पुण्यात बी.कॉम.ची दोन वर्षे करून कोणी गेली, तर एकही सामना न खेळता तिच्या पाचांतली दोन वर्षे सरलेली असतात.