छोटा दुकानदार आणि आमदारकी : ग्रामीण विदर्भातील उमेदवारीची पार्श्वभूमी

विधानसभेची निवडणूक लागली की विदर्भातल्या तालुक्याच्या गावी उमेदवारी अर्ज भरणाऱ्यांत एखादा कृषी केंद्राचा (बियाणे-खतांच्या दुकानाचा) चालक, हार्डवेअरवाला, किराणा किंवा कापड दुकानदार हमखास असतो. पक्षाचा ए-बी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचे पत्र, त्याच्या हाती क्वचितच पडतो. बहुतेकदा तो अपक्ष म्हणूनच उभा राहतो आणि निकालाच्या बातमीत त्याचे नाव शेवटच्या ओळीत येते किंवा येतही नाही. राज्याच्या २८८ मतदारसंघांपैकी ६२ विदर्भात आहेत आणि त्यांतले बरेचसे ग्रामीण आहेत. तिथल्या गावोगावच्या माणसांशी वर्षभर रोजचा व्यवहार असलेला हा वर्ग विधानसभेत इतका विरळ का, याचे उत्तर शोधायचे तर कापसाच्या व्यापारापर्यंत मागे जावे लागते.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी मागणी आली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली आणि १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला. खामगाव, अकोट, कारंजा, अमरावती, हिंगणघाट अशा गावांत मारवाडी, गुजराती व कच्छी कुटुंबे येऊन स्थिरावली आणि जिनिंग-प्रेसिंगची धुराडी उभी राहिली. कारंज्याची कापूस बाजारपेठ १८८६ मध्ये नियमनाखाली आली. देशातली ही पहिली नियंत्रित बाजारपेठ मानली जाते. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. अडत (दलाली) किती, हमाली किती, माप कोणते, हे ठरवणाऱ्या समित्यांवर सुरुवातीला व्यापाऱ्यांचेच वर्चस्व होते. सार्वजनिक कारभारात व्यापारी प्रथम बसला तो या बाजाराच्या समित्यांवर, आणि कास्तकाराच्या मनात त्याच्याविषयी अढी बसली तीही इथेच.

मृगाच्या तोंडावर बियाणे, कापड आणि रोकड द्यायची आणि दिवाळीनंतर कापूस आला की वसूल करायची, असा व्यवहार होता. दुकानदार, सावकार आणि अडत्या ही अनेकदा एकाच माणसाची तीन रूपे असत. १९२९ नंतरच्या मंदीत कापसाचे भाव कोसळले तेव्हा कर्जापायी वावरे सावकाराच्या नावावर चढू लागली. १९२७ मध्ये शेतकरी संघ स्थापन करणारे पंजाबराव देशमुख १९३० मध्ये मध्यप्रांताच्या कायदे कौन्सिलात गेले आणि मंत्री झाले. १९३३ चा कर्ज लवाद कायदा आणि १९३४ चा सावकारी कायदा या काळातले. विदर्भात लोकप्रतिनिधीचे काम काय, याची पहिली ठळक कल्पना या लढ्यातून तयार झाली. व्यापाऱ्याच्या तावडीतून कास्तकाराला सोडवतो तो आपला माणूस, अशी ती कल्पना होती. ती अन्यायकारक होती असे मी म्हणणार नाही, कारण वस्तुस्थितीच तशी होती. पण दुकानाच्या गादीवर बसणाऱ्याने मत मागायला यावे, ही गोष्ट खेड्यात अजूनही सहज पचत नाही, त्यामागे ही जुनी आठवण आहे.

व्यापारी घराण्यांतून मोठे नेते झालेच नाहीत असे नाही. वर्ध्याचे जमनालाल बजाज काँग्रेसचे खजिनदार होते. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी स्वातंत्र्यानंतरच्या मध्य प्रदेश राज्यात अर्थमंत्री झाले. पण ही मोठ्या पेढ्यांची आणि मोठ्या त्यागाची माणसे होती. खेड्यातल्या किराणा दुकानदाराला त्या काळी मताचाही भरवसा नव्हता, कारण मताधिकार मालमत्ता, महसूल किंवा शिक्षणाशी बांधलेला होता. विधानसभेसाठी प्रत्येक प्रौढाला मत मिळाले ते १९५२ च्या निवडणुकीपासून.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या आणि आमदारकीची शिडी पक्की झाली. गावची सेवा सहकारी सोसायटी, खरेदी-विक्री संघ, पंचायत समिती, जिल्हा परिषद किंवा जिल्हा मध्यवर्ती बँक आणि मग विधानसभा, असा तो क्रम होता. शेतकरी कुटुंबातला वकील किंवा शिक्षक या शिडीने वर जात असे. वकिली करणारे वसंतराव नाईक पुसदचे नगराध्यक्ष होते, १९५२ मध्ये आमदार झाले आणि १९६३ पासून १९७५ पर्यंत मुख्यमंत्री राहिले. दुकानदाराला मात्र या शिडीच्या पहिल्याच पायरीवर जागा नव्हती. बाजार समितीच्या रचनेत ही गोष्ट स्पष्ट दिसते. अठरा संचालकांपैकी अकरा सेवा सहकारी संस्थांचे, चार ग्रामपंचायतींचे, दोन व्यापारी-अडत्यांचे आणि एक हमाल-मापाऱ्यांचा. शेतकऱ्याच्या मालाच्या बाजारात शेतकऱ्याचे बहुमत असावे हे योग्यच आहे. मात्र त्या दोन जागाही परवानाधारक अडते व खरेदीदारांच्या आहेत, आणि बियाणे-खते विकणारा, सिमेंट-लोखंड विकणारा किंवा पानठेला चालवणारा या कोणत्याच गटात बसत नाही.

१९७२ मध्ये राज्य सरकारने कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली आणि कापसाचा खासगी व्यापार बंद झाला. खेडा खरेदी, म्हणजे गावोगाव जाऊन कापूस विकत घेणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याचा धंदा त्यामुळे हातातून गेला. चुकारे, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, लांबू लागले तसा कास्तकारही त्रासला आणि त्या असंतोषावर ऐंशीच्या दशकात शेतकरी संघटना विदर्भात पसरली. तिच्यातून आलेले वामनराव चटप राजुऱ्यातून तीनदा आमदार झाले. २००२ नंतर एकाधिकार योजना मोडीत निघाली. त्याच वर्षी मार्चमध्ये बीटी कापसाच्या बियाण्याला देशात परवानगी मिळाली, आणि ज्याला आज आपण कृषी केंद्र म्हणतो ते दुकान तालुक्याच्या बाजारपेठेच्या मध्यभागी आले.

हा भाग जरा विस्ताराने सांगायला हवा, कारण आजच्या दुकानदार-उमेदवाराची खरी ओळख तिथे आहे. २०१० नंतरच्या दशकात नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन जिल्हा बँका अडचणीत आल्या, गावच्या सोसायट्यांचे पीककर्ज आटले, आणि राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात ज्याचा निभाव लागला नाही त्याच्यापुढे उधारीवर निविष्ठा (बियाणे, खते, औषधे) देणारे कृषी केंद्र उरले. अशा दुकानाची वही उघडली तर एकेका पानावर माणसाचे नाव, बापाचे नाव, गाव आणि खाली ओळीने नोंदी दिसतात : बीटीच्या पिशव्या, डीएपीच्या बॅगा, नंतर युरिया, ऑगस्टमध्ये फवारणीचे औषध, मधेच पोरीच्या फीसाठी दिलेले हातउसने. वसुलीचा वायदा कापूस किंवा सोयाबीन आल्यावरचा असतो. उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा असतो हे दोघांनाही ठाऊक असते. कोणाच्या वावरात पाणी साचले, कोणाच्या कपाशीवर बोंडअळी आली, कोणाचे लग्न मोडले, कोणाचा पोरगा पुण्याला लागला, हे या दुकानदाराला कार्यकर्त्याच्या आधी कळते. उमेदवाराला लागणारी माणसांची ओळख त्याच्याकडे असते ती अशी. आणि ज्या माणसाचे आपण देणे लागतो त्याला मत द्यावे का, हा मतदाराच्या मनातला संकोचही याच वहीतून येतो.

या वर्गाला विधिमंडळाकडे ढकलणाऱ्या घटनाही जवळच्या आहेत. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा विक्रेत्यांवर कारवाईचा बडगा उगारला गेला. २०२३ मध्ये राज्य सरकारने बोगस बियाणे, खते व कीटकनाशके यांविरुद्ध कडक शिक्षेची विधेयके आणली आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला राज्यभरच्या विक्रेत्यांनी तीन दिवस दुकाने बंद ठेवली. कंपनीचे सीलबंद पाकीट आम्ही विकतो, आतल्या दोषासाठी आम्हाला गुन्हेगार का ठरवता, असा त्यांचा प्रश्न होता. ज्या कास्तकाराचा हंगाम बोगस बियाण्याने गेला त्याचा संतापही तितकाच खरा आहे, आणि कायदा करणाऱ्यांनी दोघांचेही ऐकायला हवे होते. पण सभागृहात ही बाजू स्वतःच्या अनुभवातून मांडणारा कोण होता? विधान परिषदेत शिक्षकांना आणि पदवीधरांना स्वतंत्र मतदारसंघ आहेत, स्थानिक स्वराज्य संस्थांनाही आहेत. छोट्या व्यापाऱ्याला तसा काही नाही. हिवाळी अधिवेशनात नागपूरला मोर्चा नेणे आणि निवेदन देऊन परतणे, एवढाच मार्ग त्याच्यापाशी उरतो. त्यामुळे काही जण थेट अर्जच भरतात, आणि त्यात मला काहीही गैर वाटत नाही.

अपक्षांना महाराष्ट्रात सर्वांत मोठे यश मिळाले ते १९९५ मध्ये. त्या वर्षी ४५ अपक्ष निवडून आले आणि त्यांतल्या अनेकांच्या पाठिंब्यावर शिवसेना-भाजप युतीचे सरकार उभे राहिले. पुढच्याच वर्षी कायद्यात बदल झाला. विधानसभेची अनामत रक्कम २५० रुपयांवरून ५,००० रुपये झाली, अपक्षाला मतदारसंघातले दहा सूचक बंधनकारक झाले आणि प्रचाराचा किमान अवधी चौदा दिवसांवर आला. २००९ च्या कायदादुरुस्तीने अनामत १०,००० रुपये झाली. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ती निम्मी आहे. वैध मतांचा एक षष्ठांश वाटा मिळाला नाही तर ती जप्त होते. यांत प्रचाराचा अवधी घटल्याचा फटका मोठा होता. सुमारे तीन लाख मतदार आणि तीनशेहून अधिक मतदान केंद्रे असलेला मतदारसंघ चौदा दिवसांत पालथा घालायचा तर गाड्या आणि माणसे लागतात, आणि ती पक्षाकडे आधीपासून असतात.

२०१९ मध्ये राज्यात १३ अपक्ष जिंकले, त्यांतले पाच विदर्भातले होते : बडनेरा, रामटेक, भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूर. यांतले बहुतेक जण आधी कोणत्या ना कोणत्या पक्षात घडलेले होते. चंद्रपूरचे किशोर जोरगेवार यांची गोष्ट मात्र आवर्जून सांगावी अशी आहे, कारण त्यांच्या आई बांबूच्या टोपल्या विकत असत, आणि अशा घरातला माणूस मोठ्या मताधिक्याने आमदार झाला. २०२४ मध्ये राज्यभरात ४,१३६ उमेदवार उभे होते, त्यांपैकी निम्म्याहून अधिक अपक्ष होते. निवडून आले दोन, आणि त्यांतला एकही विदर्भातला नव्हता. २०१९ चे विदर्भातले विजयी अपक्ष तोवर पक्षांच्या चिन्हावर किंवा स्वतःच्या पक्षाच्या नावाने लढत होते.

खर्चाची कमाल मर्यादा २०१४ मध्ये २८ लाख रुपये होती, जानेवारी २०२२ पासून ती ४० लाख आहे. हिशेबाच्या बाबतीत दुकानदार कोणापेक्षाही सरस ठरावा. वेगळे बँक खाते उघडायचे, दहा हजारांवरचे देणे रोखीने द्यायचे नाही, दैनंदिन खर्चाची नोंद पांढऱ्या पानांवर, रोकड गुलाबी पानांवर आणि बँकेचा व्यवहार पिवळ्या पानांवर ठेवायचा. प्रशासन चहा, नाश्ता, खुर्ची आणि मंडपाचे दरपत्रक ठरवून देते, ते त्याला न वाचताही पाठ असते. पण पक्ष आणि त्याचे तारांकित प्रचारक यांच्या सर्वसाधारण प्रचाराचा खर्च उमेदवाराच्या मर्यादेत धरला जात नाही, आणि ही सवलत अपक्षाच्या उपयोगाची नाही. आणखी एक अट छोट्या व्यावसायिकाला नेमकी अडवते. राज्य सरकारशी माल पुरवठ्याचा किंवा बांधकामाचा चालू करार असेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ९अ नुसार तो अपात्र ठरतो. काम पूर्ण झाले असेल आणि केवळ बिल अडकले असेल तर तो करार चालू मानला जात नाही. अडकलेल्या बिलाची सवय असलेल्या ग्रामीण ठेकेदाराने ही तरतूद वाचून ठेवायला हवी.

या सगळ्याहून जड अडचण वेळेची आहे, आणि तिच्याकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही. १९९० आणि १९९५ च्या निवडणुका फेब्रुवारी-मार्चमध्ये झाल्या होत्या, तेव्हा कापूस बहुतांशी विकलेला आणि उधारी बरीचशी वसूल झालेली असे. १९९९ मध्ये विधानसभा मुदतीपूर्वी विसर्जित होऊन लोकसभेबरोबर सप्टेंबरमध्ये निवडणूक झाली, आणि तेव्हापासून ती पावसाळा संपता संपता येते : २००४ ते २०१९ दरम्यान चारही वेळा ऑक्टोबरमध्ये, २०२४ मध्ये २० नोव्हेंबरला. सोयाबीन निघण्याचे आणि कापसाचा पहिला वेचा घरी येण्याचे हेच दिवस. वर्षाची सगळी वसुली याच दिवसांत व्हायची असते, आणि ज्यांच्याकडे वसुली करायची त्यांच्याच दारात मत मागायला जायचे असते. तगादा लावला तर मत जाते. उधारी माफ केली तर ती मतासाठी दिलेली लाच ठरू शकते. २०२४ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात त्याहून कमी भावाने माल जात होता, म्हणजे कास्तकाराकडेही द्यायला काही नव्हते. कंपनीचा आणि घाऊक विक्रेत्याचा पैसा मात्र ठरल्या तारखेला भरावाच लागतो. निकाल २३ नोव्हेंबरला लागला आणि खर्चाचा हिशेब निकालापासून तीस दिवसांत द्यायचा होता. त्यामुळे कापसाची आवक ऐन भरात असताना हरलेल्या दुकानदारांना दुकान पोरावर सोपवून निवडणुकीची बिले जुळवत बसावे लागले.