एलईडी टिकतो, मग माळ का टिकत नाही? दिवाळीच्या माळेची थोडी जुनी गोष्ट

दसरा झाला की जांभळी नाक्यावर आणि ठाणे स्टेशनच्या बाहेर माळांचे ढीग लागतात. दुकानदार प्लग लावून सगळे आठ मोड नाचवून दाखवतो आणि घरी आणली की ती पहिल्या वर्षी तशीच नाचते पण. खरी मजा पुढच्या दिवाळीत डबा उघडल्यावर, सुरुवातीचा भाग पेटतो, मधला पेटत नाही, शेवटचा लुकलुकतो, आणि डब्यावर मात्र ५०,००० तास लिहिलेलं असतं. आता तो आकडा अगदीच खोटा आहे असं नाही, पण तो एलईडीचा आहे, माळेचा नाही, आणि ही गडबड कुठून आली ते कळायला जरा मागे जायला लागतं.

विजेच्या माळेची सुरुवात ख्रिसमसची. १८८२ मध्ये एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने न्यूयॉर्कच्या आपल्या घरात झाडावर लाल, पांढरे, निळे मिळून ८० छोटे बल्ब लावले, सगळं वायरिंग हाताने. नंतरची वीसेक वर्षं हा श्रीमंतांचाच शौक होता, कारण प्रत्येक वेळी वायरमन बोलवायला लागायचा. १९०३ च्या सुमारास अमेरिकेत तयार माळ विकायला आली, ती सिरीजमध्ये जोडलेली, म्हणजे एक बल्ब गेला की सगळी माळ काळोखात. हे दुखणं तेव्हापासूनचं आहे.

आपल्याकडे तेव्हा पणत्या आणि आकाशकंदिलातही तेलाचाच दिवा. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ ला सुरू झालं ते मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांसाठी, घराघरात वीज यायला पुढे बराच वेळ गेला, वीज मंडळच मुळात १९६० चं. त्यानंतर कंदिलात बल्ब आला, गॅलरीत रंगीत झिरोचे बल्ब आले (झिरो नुसतं म्हणायला, खातात चांगले १५ वॅट), आणि गणपतीच्या मंडपांनी सिरीज घरोघरी ओळखीची केली.

ती सिरीज ज्यांनी बघितलीय त्यांना आठवत असेल, टॉर्चचे ६ व्होल्टचे बल्ब एकामागे एक जोडायचे, २३० भागिले ६ म्हणजे ३८, थोडं सांभाळून ४० लावायचे. मुंबईच्या लोहार चाळीतून (विजेच्या सामानाचा बाजार) बल्ब-होल्डर किलोच्या हिशोबात आणून प्रत्येक गल्लीत कोणीतरी दादा ती बनवत बसलेला असायचा. बंद पडली की एक चालू बल्ब हातात घेऊन एकेका होल्डरमध्ये लावत जायचं, माळ पेटली की गेलेला बल्ब सापडला. धोकाही होता, कारण बल्ब काढला की त्या रिकाम्या होल्डरच्या दोन टोकांमध्ये अख्खे २३० व्होल्ट येतात आणि लोकं बिनधास्त बोट घालायचे. पण मुद्दा असा की त्या माळेत सगळ्यात कच्ची गोष्ट बल्ब होती आणि तीच बदलता यायची. वायर आणि होल्डर पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच.

मग चायनाच्या बारीक बल्बांच्या हिरव्या वायरीच्या माळा आल्या. त्यांच्या बल्बमध्ये एक हुशारी होती, फिलामेंटच्या खाली एक बारीक तार गुंडाळलेली, वर ऑक्साइडचा थर, फिलामेंट तुटलं की पूर्ण व्होल्टेज तिथे येऊन तो थर फोडतं आणि करंट त्या तारेतून पुढे जातो, म्हणजे एक बल्ब गेला तरी बाकीचे चालू. फक्त गेलेल्याच्या वाट्याचं व्होल्टेज उरलेल्यांवर पडतं आणि तेही लवकर जातात. त्यामुळे त्या माळा बरेच दिवस ठीक चालायच्या आणि मग एका संध्याकाळी धडाधड गेल्या असं व्हायचं.

एलईडी तसा जुनाच. दिसणारा लाल एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये केला, पण पुढची तीसेक वर्षं लाल, पिवळा आणि फिकट हिरवा यापलीकडे गाडी नीट जाईना. निळा अडला होता. जपानमध्ये अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांच्या कामातून तो सुटला, १९९३ मध्ये नाकामुरांच्या कंपनीने भरपूर उजेडाचा निळा बाजारात आणला, आणि निळ्यावर पिवळा फॉस्फर (उजेडाचा रंग बदलणारी भुकटी) लावला की पांढरा मिळतो. २०१४ चं नोबेल तिघांना त्याच्यासाठीच. तुमच्या बाल्कनीतली वॉर्म व्हाइट माळ ही आतून निळीच आहे. (मधली काही वर्षं सगळ्या सोसायट्या भगभगीत निळ्या दिसायच्या ती नवलाई याचीच, संपली ते बरं झालं.)

आपल्याकडे एलईडी खरा घराघरात गेला तो २०१५ च्या उजाला योजनेने (सरकारची स्वस्त एलईडी बल्बची योजना), सरकारी खरेदीत जो बल्ब २०१४ ला ३१० रुपयांना होता तो २०१६ पर्यंत ३८ वर आला. ते बल्बचं झालं, पण एलईडी म्हणजे टिकाऊ आणि स्वस्त हे डोक्यात बसलं ते तिथून, आणि माळवाल्यांनी तेच नाव डब्यावर छापलं.

इथेच खरी गोम आहे. टॉर्चच्या बल्बला तीनेकशे मिलिअँप करंट लागायचा, एलईडीला वीसच्या आसपास पुरतात. चायनाच्या बारीक बल्बांची शंभर दिव्यांची माळ चाळीसेक वॅट खायची, एलईडीची पाच-सहा वॅटवर आली. करंट एवढा कमी म्हटल्यावर तांबं जाड कशाला घालायचं, मग वायर केसासारखी झाली, तांब्याच्या जागी तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आलं, आणि होल्डर तर गेलाच, एलईडीचे पाय (खाली निघणाऱ्या दोन तारा) सरळ वायरला डाग देऊन जोडायचे आणि वर एक नळी. विजेच्या दृष्टीने हे चालतं. पण वायरला नुसता करंट नाही न्यायचा, गॅलरीच्या ग्रिलवर ताणलेलं राहायचंय, वाऱ्याने हलायचंय. म्हणजे दिवा पक्का झाला आणि बाकी सगळं कच्चं झालं, वर ते बदलताही येत नाही.

त्यात आपली हवा. ऐरोली, वाशी, इकडे कोलशेत, सगळं खाडीला लागून, दमट आणि खारट, आणि परतीचा पाऊस कधीकधी थेट दिवाळीत येतो. स्वस्त एलईडीचे पाय लोखंडाचे असतात, वर नुसती कथलाची कल्हई, लोहचुंबक लावून बघा, चिकटतो. त्या सांध्यात पाणी गेलं की गंज, आणि माळेतला करंट एकाच दिशेने जाणारा असल्याने तो गंज अजून भराभर वाढतो. बहुतेक माळा मरतात त्या अशा, एलईडी आत ठणठणीत असतो. आणि आठ मोडवाल्या डबीतून साधारण चार भाग वेगवेगळे निघतात, प्रत्येक भाग आतून सिरीज, म्हणून एक पाय तुटला की बरोबर पाव माळ जाते. १९०३ चंच दुखणं, फक्त पावपट.

त्यामुळे दुकानात गेल्यावर नाच बघण्यात वेळ घालवू नये. मी तरी आधी वायर दोन बोटांत दुमडून बघतो, मग दिव्याचा बुडखा, नुसती सरकणारी नळी असेल तर नको, रबर किंवा प्लास्टिक ओतून बंद केलेला हवा. छताखालच्या बाल्कनीला आयपी ४४ (पाणी-धूळ किती अडते त्याचा आकडा) पुरतं, उघड्या गच्चीला ६५ बघा, पण हा आकडा बऱ्याचदा दिव्यांपुरता असतो, प्लग आणि डबीचा नाही, त्या घरातच ठेवायच्या. एलईडी माळा आता बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरो) सक्तीच्या नोंदणीत आहेत, डब्यावर आर ने सुरू होणारा नंबर हवा, ढिगातल्या माळांवर तो क्वचितच दिसतो. चायना की देशी या वादात मला फार अर्थ वाटत नाही, देशी डब्यातही चिप बहुतेक बाहेरचीच असते.

लोखंडी ग्रिल असेल तर सरळ अडॅप्टरवाली कमी व्होल्टची माळ घ्या, थोडी महाग पडते, पण वायर सोलली तरी ग्रिलमध्ये २३० उतरत नाहीत, आणि अडॅप्टर गेला तर तेवढाच बदलता येतो, म्हणजे जुन्या सिरीजची सोय थोडी तरी परत मिळते. साधी २३० वाली लावणार असाल तर घरात ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे ना आणि त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर तो पडतो ना एवढं आधी बघा. आणि तुळशीचं लग्न झालं की माळ काढा, वर्षभर ग्रिलवर ठेवली तर उन्हाने वायरीचं प्लास्टिक कडक होऊन तडकतं. गुंडाळताना पुठ्ठ्यावर सैल गुंडाळा, आणि अडॅप्टरवरचे व्होल्ट-अँप मार्करने डब्यावर लिहून ठेवा, बदली अडॅप्टर घ्यायला गेलं की दुकानवाला पहिलं तेच विचारतो.