‘मार्गारेट हॅलो’ नव्हे, हबर्ड घराणं!

फोनवर म्हणतो ते ‘हॅलो’ हे टेलिफोनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलच्या प्रेयसीचं नाव, मार्गारेट हॅलो, ही कथा व्हॉट्सअॅपवर दर वर्षी नव्याने फिरते. ती साफ खोटी आहे. बेलचं लग्न झालं मेबल हबर्डशी, ११ जुलै १८७७ रोजी. ती लहानपणी स्कार्लेट फीव्हरने बहिरी झालेली. फोनवरचं ‘हॅलो’ तिला ऐकूही आलं नसतं. बेलला स्वतःला फोनवर ‘अहॉय’ ही खलाशांची हाक आवडायची. ‘हॅलो’चा आग्रह १८७७ मध्ये एडिसनने धरला, आणि शब्द तर त्याच्याही आधीपासून इंग्रजीत होता.

या गोष्टीत खरा हरवलेला माणूस म्हणजे बेलचे सासरे, गार्डिनर ग्रीन हबर्ड. बोस्टनचे वकील. मुलीमुळे बहिऱ्यांच्या शिक्षणात शिरले आणि नॉर्थॅम्प्टनच्या क्लार्क शाळेच्या स्थापनेत पुढे राहिले. वेस्टर्न युनियनच्या तारयंत्र मक्तेदारीशी त्यांचं उभं वैर. बेलच्या प्रयोगांना त्यांनी आणि थॉमस सँडर्स यांनी पैसा पुरवला. १४ फेब्रुवारी १८७६ला पेटंटचा अर्ज दाखल झाला, तो हबर्ड यांच्याच धडपडीने. लग्नाच्या दोनच दिवस आधी बेल टेलिफोन कंपनी उभी राहिली, विश्वस्त तेच. फोन विकायचे नाहीत, भाड्याने द्यायचे, हे धोरणही त्यांचंच. पुढे त्या धंद्याचा पाया झालं. बेलने मात्र दहा वगळता आपले सगळे शेअर मेबलला लग्नाची भेट म्हणून दिले.

१८८८ मध्ये नॅशनल जिओग्राफिक सोसायटी निघाली, तिचे पहिले अध्यक्षही हबर्डच.