तुळशीला लुमेन नकोत, फोटॉन हवेत

‘तुळस चोवीस तास ऑक्सिजन सोडते’ हा मेसेज व्हॉट्सॲपवर सतत फिरत असतो. असं कुठलंच झाड करत नाही. उजेड गेला की प्रकाशसंश्लेषण थांबतं आणि तुळसही आपल्यासारखाच ऑक्सिजन घेते. मुंबईत तर समोरच्या टॉवरने ऊन अडवलेलं असतं, गॅलरी खोलीत घेतलेली असते, त्यामुळे दिवसाही तिचं पोट भरत नाही. मग एलईडी ग्रो लाइट, म्हणजे झाडं वाढवायचा दिवा, शोधणं सुरू होतं, आणि खोक्यावरचे आकडे बघून पैसे वाया जातात.

खोक्यावर लुमेन छापलेले असतात. लुमेन हे माणसाच्या डोळ्याचं माप. आपल्या डोळ्याला 555 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा हिरवा प्रकाश सर्वांत प्रखर वाटतो, म्हणून त्याला जास्त गुण. पान मात्र 400 ते 700 नॅनोमीटरमधले फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, मोजतं. निळ्या फोटॉनमध्ये लालपेक्षा जास्त ऊर्जा असते, पण हरितद्रव्यात शिरल्यावर ती जादा ऊर्जा क्षणार्धात उष्णता होऊन जाते. पुढचं रसायन दोघांसाठी सारखंच. म्हणून 1 ज्यूल प्रकाशात फोटॉन किती, हे महत्त्वाचं: 660 नॅनोमीटरच्या लाल प्रकाशात सुमारे 5.5 मायक्रोमोल, 450 च्या निळ्यात 3.8. (एक मायक्रोमोल म्हणजे 6 वर 17 शून्यं, इतके फोटॉन.) पांढऱ्या एलईडीत मुळात निळी चिपच असते. तिच्यावरचा पिवळा लेप, म्हणजे फॉस्फर, निळे फोटॉन गिळून कमी ऊर्जेचे फोटॉन सोडतो, मधला फरक उष्णतेत जातो. थेट 660 ची लाल चिप हा तोटा टाळते. चांगल्या ग्रो लाइटची कार्यक्षमता तिथून येते.

म्हणून नुसत्या लाल-निळ्या चिपांचा जांभळा दिवा घ्यावा असं नाही. हिरव्या प्रकाशाचाही बराचसा भाग पान शोषतं, आणि तो पानात खोलवर पोचतो. नुसत्या लाल प्रकाशात रोप लांबुळकं, लेचंपेचं होतं. पांढरा आणि थोडा लाल, हे मिश्रण उत्तम.

आता खर्च. 20 वॉटची चार फुटी बॅटन (ट्यूबलाइटसारखा लांब एलईडी दिवा) साधारण 2000 लुमेन देते. पांढऱ्या एलईडीसाठी 70 ने भागा: सेकंदाला सुमारे 28 मायक्रोमोल. त्यातले 60 टक्के चार फूट बाय एक फुटाच्या फळीवर पडले, तर दर चौरस मीटरला 46 च्या आसपास. बारा तासांत दर चौरस मीटरला 2 मोल होतात (10 लाख मायक्रोमोल म्हणजे एक मोल). मनी प्लांटला तेवढं चालतं. युनिटला 8 रुपये धरले तर महिन्याला 7.2 युनिट, म्हणजे 58 रुपये. विजेच्या एका ज्यूलमागे 2.7 मायक्रोमोल देणारा ग्रो लाइट लावून यातले जेमतेम 27 रुपये वाचतील. तो 3000 रुपयांनी महाग असेल तर पैसे वसूल व्हायला नऊ वर्षं. मनी प्लांटसाठी बॅटनच घ्या.

तुळशीचं गणित वेगळं. तिला रोज 10 मोलच्या आसपास लागतात, म्हणजे त्याच फळीवर चार बॅटन, 14 तास. महिन्याला 33.6 युनिट, 269 रुपये. तेवढेच फोटॉन ग्रो लाइट 42 वॉटमध्ये देतो, 141 रुपयांत. तोच 3000 चा फरक दोन वर्षांत भरून निघतो. मिरचीला आणखी जास्त प्रकाश लागतो, तिथे ग्रो लाइटच परवडतो.

फक्त ‘1000 वॉट’ लिहिलेल्या स्वस्त दिव्यावर विश्वास ठेवू नका. तो बऱ्याचदा 100 वॉटच खातो, आणि प्रकाशही तेवढ्याचाच देतो. तपासायचं असेल तर घरातलं बाकी सगळं, फ्रिजसकट, बंद करून दिवा लावा आणि खाली मीटर-रूममध्ये जाऊन मीटरवरच्या लाल दिव्याचे लुकलुकणे मोजा. मीटरवर 3200 इम्पल्स (एका युनिटमागे इतक्या वेळा लुकलुकणं) लिहिलं असेल, तर 100 वॉटला पाच मिनिटांत 26-27 वेळा लुकलुकतो.

बॅटन शेंड्यापासून 15-20 सेंटीमीटरवर ठेवा, रोप वाढेल तशी वर सरकवा. फळीच्या बाजूंना पांढरा पुठ्ठा लावला की बाहेर सांडणारा प्रकाश परत येतो. 14 तासांसाठी टायमर लावा. पावसाळ्यातल्या दमट हवेत आधी जातो तो ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला योग्य वीज पुरवणारा भाग; चिप सहसा शाबूत राहते. म्हणून लोहार चाळीत, मुंबईच्या विजेच्या सामानाच्या बाजारात, घेताना ड्रायव्हर वेगळा काढून बदलता येतो का, ते दुकानदाराला उघडून दाखवायला सांगा.