घर रिकामं करताना: काय घासायचं आणि कशाला हात लावायचा नाही

बेळगावातल्या टिळकवाडी, शहापूर, अनगोळ, वडगाव या भागांत भाड्याची घरं सोडताना लागणारी साफसफाई आम्ही करतो. कॉलेजची मुलं परीक्षा संपली की खोल्या सोडतात, बदलीवाले वर्षभर. दोघांची काळजी एकच, डिपॉझिटातले पैसे कापले जाऊ नयेत. आमचा अनुभव मात्र असा, की मळापेक्षा शेवटच्या दिवशी घाईघाईत केलेल्या घासाघाशीनंच जास्त नुकसान होतं. म्हणून हे पत्रक. हे वाचून सगळं घरच्या घरी केलंत तरी आमची हरकत नाही.

आधी करार बाहेर काढा. आपल्याकडे तो बहुतेक वेळा कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत टाईप केलेला असतो आणि सही करताना आपण भाडं नि डिपॉझिट एवढेच आकडे बघतो. त्यात रंगाबद्दल काय लिहिलंय ते जाणकाराकडून वाचून घ्या. सोडताना रंगासाठी एक महिन्याचं भाडं कापायचं असं ठरलेलंच असेल, तर भिंती पुसण्यात दोन दिवस घालवू नका, तो वेळ स्वयंपाकघराला द्या. तसं काही ठरलेलं नसेल, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं कलम १०८ मालकाला दाखवता येतं. घर मिळालं तेव्हा जसं होतं तसं परत द्यायचं, पण नेहमीच्या वापरानं झालेली झीज सोडून. उन्हानं फिका पडलेला रंग म्हणजे झीज. टीव्हीसाठी पाडलेली भोकं मात्र तुमची, ती पुट्टीनं बुजवा.

आता न्हाणीघर. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. बोअरचं पाणी वापरणाऱ्या अपार्टमेंटात नळांवर, बादलीखाली पांढरे थर बसतात आणि लोक दुकानातून ॲसिडची बाटली आणून ओततात. तो थर चुन्याचा असतो, म्हणून ॲसिडनं लगेच फेसाळून निघतो, हे खरं. पण शहाबादी, कडप्पा, संगमरवर हे दगडही चुन्याचेच, आणि टाइल्सच्या सांध्यांतलं सिमेंटही ॲसिड खातं. डागाबरोबर फरशीचा तुकतुकीतपणा जातो, सांधे पोकळ होतात, नळांचं पॉलिश काळवंडतं. डाग मालकानं कदाचित बघितलाही नसता, खरवडलेली फरशी मात्र दारातूनच दिसते. नळ असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवा, मग पुसून धुवून टाका. गुळगुळीत टाइल्सना व्हिनेगर चालतं. दगडी फरशीला व्हिनेगर नको आणि लिंबूही नको, साधा साबण आणि ब्रश पुरे. आणि ॲसिडच्या आसपास ब्लीचिंग पावडर आणूच नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, तो बंद न्हाणीत जिवावर बेततो.

भिंतींना हात लावण्यापूर्वी ओलं बोट फिरवून बघा. बोटाला रंग लागला तर डिस्टेंपर आहे, त्याला पाण्याचं फडकं लावलंत की ढगासारखे डाग पडणार. तिथे कोरडं फडकंच. रंग लागला नाही तर ओल्या फडक्यानं पुसायला हरकत नाही. देवघराच्या वरची समईची काजळी कधीच ओल्यानं पुसू नका, पसरते. तेल न घालता मळलेला कणकेचा घट्ट गोळा नुसता टेकवत जा, घासू नका. पावसाळ्यात घर सोडत असाल तर पश्चिमेच्या भिंतीवर बुरशी असेलच. ती पुसायच्या आधी खोली सुकू द्या, दोन दिवस खिडक्या उघड्या आणि पंखा चालू. ओल तशीच ठेवून वरून रंगाचा हात मारणाऱ्यांचा रंग महिन्याभरात पोपडे धरतो.

स्वयंपाकघरात ओट्यामागच्या टाइल्सवरचा तेलाचा चिकटा गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून निघतो. हातमोजे घाला. ॲल्युमिनियमला सोडा लावू नका, काळं पडतं. एक्झॉस्टची पाती बहुधा त्याचीच असतात, त्यांना भांड्यांचा साबण लावा.

फ्रीज आदल्या दिवशी बंद करा, नाहीतर टेम्पोत पाणीच पाणी. न्हाणीतल्या आरशावरच्या टिकल्या काढा, त्या हमखास राहतात! कपाटावरचे स्टिकर ब्लेडनं खरवडू नका, खोबरेल तेल लावून थोडा वेळ थांबा. सगळं झालं की रिकाम्या खोल्यांचे फोटो आणि हेस्कॉमच्या वीजमीटरचा फोटो किल्ली देण्याआधी काढा, आणि शक्यतो मालकाच्या समोर.

आम्हाला बोलवायचं असेल तर सामान हलल्यावर बोलवा, सामान असताना कोपरे निघत नाहीत. दोन बेडरूमच्या घराला आमच्या दोन माणसांना एक दिवस लागतो. किंमत घर बघून सांगतो, फोनवर नाही. पाण्याची टाकी, झुरळांचं औषध आणि गच्चीवरचं भंगार ही कामं आम्ही घेत नाही.